कँटनचा सकाळचा चहा आणि घिवलीचा किनारा

बोईसर स्टेशनबाहेर दिवेलागणीला चायनीजच्या गाड्या लागतात. कढईचा खणखणाट, शेजवानचा ठसका, मंचुरियनचा लालभडक रस्सा, आणि आता त्यांच्या जोडीला अ‍ॅल्युमिनियमच्या उंच भांड्यात वाफवलेले मोमो. एखाद्या फलकावर ‘डिमसम’ असंही लिहिलेलं दिसतं. घिवली, दांडी, नवापूरकडची मुलं कारखान्यातली पाळी संपवून तिथे थांबतात. डिमसम म्हणजे मोमोचंच हॉटेलातलं महाग नाव, असा त्यांचा समज झाला तर त्यांना बोल लावता येणार नाही. पण तो समज चुकीचा आहे. मोमो आला तिबेट-नेपाळकडून. डिमसम दक्षिण चीनमधल्या कँटनचं. या एका नावाखाली शेकडो छोटे पदार्थ मोडतात. ते सकाळी खायचे असतात, चारचौघांनी वाटून खायचे असतात आणि चहाशिवाय खायचे नसतात.

हे सगळं घिवलीच्या वाचकाला सांगावंसं वाटतं, कारण या खाण्यातलं निम्मं सामान त्याच्या ओळखीचं आहे. कोळंबी, तांदळाचं पीठ, वाफ, बांबूचे कोंब, अळकुड्या यांतलं काहीच आपल्याला नवं नाही. शिवाय कँटनच्या टेबलाशी आपल्या किनाऱ्याचं जुनं देणंघेणं आहे. घोळ माशाचा बोत कुठे जातो आणि तिथे त्याचं काय होतं, हे जाळं टाकणाऱ्याच्या घरात तरी माहीत असायला हवं. त्याकडे येतोच. आधी चहा.

कँटन म्हणजे आजचं ग्वांगझू. पर्ल नदीच्या मुखाजवळचं बंदर, भोवती भातशेती, ऊस, माशांची तळी आणि आपल्यासारखीच दमट हवा. १७५७ ते १८४२ या काळात चीनच्या सम्राटाने पाश्चात्त्य व्यापाऱ्यांसाठी हे एवढंच बंदर उघडं ठेवलं होतं. मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू तिथे उतरायची, चहा आणि रेशीम तिथून निघायचं. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच व्यापारातली. पारशी घरांतल्या गारा साड्यांचं भरतकामही मुळात चिनी कारागिरांच्या हातचं. बंदर म्हटलं की हमाल आले, खलाशी आले, दलाल आले आणि त्यांना पहाटे काहीतरी गरम लागतंच. एकोणिसाव्या शतकात कँटनच्या रस्त्यांवर त्यांच्यासाठी स्वस्त चहाघरं होती. दोन ‘ली’, म्हणजे अगदी चिल्लर नाणी, दिली की लाकडी बाकावर बसून चहा मिळायचा आणि सोबत पोटाला आधार म्हणून एखादा पाव किंवा पिठाचा गोळा. पुढे व्यापाऱ्यांसाठी दोन-तीन मजली चहागृहं उभी राहिली. ताओ ताओ जू हे त्यांतलं एक, १८८० पासूनचं. स्पर्धा वाढली तशी चहाबरोबरच्या खाण्यात कारागिरी आली. १९२० आणि १९३० च्या दशकांत तर दर आठवड्याला नवे पदार्थ पुढे करायची चढाओढ तिथल्या आचाऱ्यांत लागली होती. हाँगकाँगचं लुक यू चहागृह १९३३ सालचं आहे आणि अजून चालू आहे.

या बैठकीला कँटनी लोक ‘यम चा’ म्हणतात, म्हणजे चहा पिणं. खाण्याचा उल्लेखही त्यात नाही, इतका चहाचा मान. जुन्या गिऱ्हाइकाची मागणीही साधी असे: एक पेला चहा आणि दोन नग. तेवढ्यावर म्हातारे पुरुष पेपर वाचत, पिंजऱ्यातला गाणारा पक्षी शेजारी टांगून, तासन्‌तास बसायचे आणि कुणी त्यांना उठवायचं नाही.

आत गेल्यावर काय घडतं ते क्रमाने सांगतो, कारण पहिल्यांदा जाणारा माणूस तिथे गोंधळतो. बसल्याबसल्या विचारतात ते चहाचं. खाण्याची गोष्ट नंतर. बो ले हा आंबवून मुरवलेला, काळसर, मातीच्या वासाचा चहा सर्वांत चालतो. तेलकट आणि चरबीच्या खाण्यावर तो उतारा, असं तिथे मानतात. मोगऱ्याच्या वासाचा चहा आहे, तित कुन यम हा अर्धवट आंबवलेला सुगंधी चहा आहे, शेवंतीची सुकी फुलं घातलेला चहा आहे. दूध-साखर कशातच नाही. चहाचे पैसे माणशी वेगळे लावतात, खा किंवा नका खाऊ. किटली आली की पहिलं गरम पाणी वाडग्यात ओतून पेले, चमचे आणि चॉपस्टिक त्यात विसळून घेतात. पूर्वी भांडी नीट धुतलेली असतीलच अशी खात्री नसे, तेव्हाची ही सवय. आता गरज उरली नाही, तरी हात आपोआप तसे चालतात.

चहा ओतताना आधी दुसऱ्यांचे पेले भरायचे, स्वतःचा शेवटी. आपल्या पेल्यात कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची. बोलणं न थांबवता आभार मानायची ही खूण. छ्येनलोंग सम्राट वेष पालटून फिरत असताना त्याने बरोबरच्या सेवकाच्या पेल्यात चहा ओतला, गुडघे टेकता येईनात म्हणून सेवकाने बोटं वाकवून नमस्कार केला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकाच ती. मात्र खूण रोजची आहे आणि तुम्ही ती केलीत तर वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच आपलेपणा दिसतो. किटलीतलं पाणी संपलं तर हाका मारायच्या नाहीत. झाकण अर्धवट सरकवून ठेवायचं, वेटर येऊन गरम पाणी भरतो.

मग खाणं येतं. जुन्या पद्धतीत बायका ढकलगाड्या घेऊन टेबलांमधून फिरतात. गाडीवर बांबूच्या टोपल्यांच्या चळती, खाली वाफ. पदार्थाचं नाव पुकारत त्या जातात, आपण हात करायचा, टोपली टेबलावर येते आणि टेबलावरच्या कार्डावर शिक्का बसतो. लहान, मध्यम, मोठा आणि खास असे दर असतात, कोणत्या रकान्यात किती शिक्के यावर बिल. हाँगकाँगच्या सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसमध्ये या गाड्या आजही फिरतात. बाकी बहुतेक ठिकाणी छापील चिठ्ठीवर पेन्सिलीने खुणा करून मागवतात. चिठ्ठीची पद्धत खाण्याच्या दृष्टीने बरी, कारण पदार्थ मागितल्यावर वाफेवर चढतो. गाडीवरचा पदार्थ टेबलामागून टेबल फिरत येतो, तोवर त्याचं आवरण मऊ पडतं. तरी गाडीची मजा चिठ्ठीत नाही, हेही खरं.

टोपली बांबूचीच का, याला कारण आहे. धातूच्या भांड्यात झाकणाला लागलेली वाफ थंड होऊन थेंब खाली पडतात. आपण म्हणूनच मोदक उकडताना झाकणाखाली फडकं बांधतो. बांबूचं विणलेलं झाकण ते पाणी शोषून घेतं आणि जास्तीची वाफ फटींतून बाहेर सोडतं. टोपल्या एकावर एक रचता येतात, त्यामुळे एकाच कढईच्या वाफेवर दहा-बारा पदार्थ होतात. टोपलीत नग तीन किंवा चार. मुद्दामच कमी, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांना एकेक आला की दुसरी टोपली मागवायची. चौघांनी मिळून आठ-दहा प्रकार चाखावेत हा त्यामागचा विचार.

आता एकच पदार्थ नीट जवळून पाहू. हार गाव. कोळंबीची वाफवलेली पुरी म्हणा, पण आवरण असं की आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. कँटनच्या दक्षिणेकडच्या नदीकाठच्या वू फंग गावातल्या एका लहान चहाघरात १९२०-३० च्या सुमारास तो जन्मला, असं सांगतात. नदीतली ताजी कोळंबी समोरच मिळायची, तिचंच सारण. कँटनी आचाऱ्याची परीक्षा या एका पदार्थावर होते.

ते पारदर्शक आवरण कशाचं, याचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं: गव्हाच्या चिकाचं. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, वाटतात, गाळतात आणि पांढरा चीक तळाशी बसू देतात. वरचं पाणी ओतून टाकायचं, चोथा गुरांना. कँटनमध्ये हाच चीक वाळवून पीठ करतात. फरक पुढे आहे. आपण जो भाग टाकतो, त्यातलं चिवट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, ते वेगळं धुऊन काढतात आणि त्याचे मांसासारखे चिवट तुकडे शाकाहारी स्वयंपाकात वापरतात. पोळीची कणीक ताणली जाते ती या ग्लुटेनमुळे आणि भाजल्यावर अपारदर्शक दिसते तीही बऱ्याच अंशी त्यामुळेच. ते काढून टाकलं की उरतो नुसता स्टार्च. स्टार्च गरम पाण्यात फुगून जेलीसारखा होतो आणि त्यातून उजेड आरपार जातो. ओली कुरडई घाटून काढताना चीक पांढऱ्याचा काचेसारखा होतो, तो क्षण ज्यांनी पाहिला आहे त्यांना हार गावचं रहस्य समजावून सांगायला नको.

पण ग्लुटेन नसल्याने अडचणही होते. पिठाला ताण उरत नाही, लाटायला जावं तर फाटतं. म्हणून त्यावर उकळतं पाणी एकदम ओततात, ढवळतात, झाकून ठेवतात आणि मग थोडी चरबी लावून मळतात. तांदळाच्या पिठीची उकड आपण काढतो, नेमकी तीच युक्ती. चिवटपणासाठी चिकात थोडं टॅपिओका म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ घालतात. लाटणं वापरत नाहीत. रुंद पात्याचा, बोथट सुरा तेलाच्या फडक्यावर पुसायचा, लहानशी गोळी त्याच्या पात्याखाली ठेवायची आणि तळहाताने दाबत पातं गोल फिरवायचं. सुरा उचलला की पात्याला चिकटलेली गोल चकती, एका कडेला जराशी पातळ. ती पातळ कडाच चुण्यांची. चुण्या मोदकासारख्या गोलाकार नसतात, एकाच बाजूला असतात. त्यामुळे पुरी अर्धचंद्रासारखी वाकते आणि टोपलीत नीट बसते. सात चुण्या चालतात, तेराला वाहवा. हात सराईत असेल तर एक नग डोळ्यांदेखत तयार होतो.

कोळंबीवरही तितकीच मेहनत. सोलून, दोरा काढून, मीठ चोळून तिला वाहत्या थंड पाण्याखाली बराच वेळ ठेवतात, बुळबुळीतपणा पार जाईपर्यंत. मग फडक्याने अगदी कोरडी करतात, किंचित खार आणि स्टार्च लावतात, एकाच दिशेने ढवळतात आणि भांड्यात आपटतात. खारामुळे कोळंबीतलं प्रथिन पाणी धरून ठेवतं, आपटल्याने ते एकमेकांत अडकतं, आणि शिजल्यावर कोळंबी दाताखाली कुडुम वाजते. सारणात बांबूच्या कोवळ्या कोंबांचे बारीक तुकडे, थोडी डुकराची चरबी, पांढरी मिरी, तिळाचं तेल. जव्हार-मोखाड्याकडून पावसाळ्यात बाजारात वास्ते येतात, ते हेच कोंब. मसाला जवळजवळ नाहीच. पाच-सहा मिनिटं जोरदार वाफ आणि झालं.

आपल्या कालवणाच्या सवयीच्या जिभेला हे पहिल्यांदा मिळमिळीत वाटतं. घाई करू नये. कँटनी स्वयंपाकाचा सगळा भर ताज्या मालाच्या मूळ चवीवर आहे, मसाला तिथे चव दडवणारा समजतात. सकाळी बोटीवरून आलेली कोळंबी नुसत्या मीठ-हळदीवर परतून खाल्ली तर तिचा गोडवा काय असतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक आहे. त्याला हार गाव इतरांपेक्षा लवकर कळेल, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्यावर तिखट चटणी ओतून खाणं ही त्या कोळंबीची नासाडी आहे.

बाकीच्या पदार्थांची धावती ओळख पुरे. सिउ माय हा वरून उघडा, पिवळ्या पातळ पोळीत गच्च भरलेला डुकराच्या मांसाचा आणि कोळंबीचा गोळा. चा सिउ बाव म्हणजे गोडसर भाजलेलं मांस भरलेला पांढराशुभ्र वाफवलेला पाव. त्याचा माथा तीन-चार जागी उकललेला हवा, तसा उकलला तरच पीठ नीट फुगलं म्हणायचं. चेउंग फन हे तांदळाच्या पातळ पिठाचे वाफवलेले पापुद्रे, आत कोळंबी गुंडाळून वर गोडसर सोया सॉस. घावनाचं पीठ करणाऱ्या बाईला ते सहज जमावेत. अळकुड्या उकडून, कुस्करून केलेला वू गोक तळल्यावर त्याच्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी सुटते. पांढऱ्या मुळ्याचे वाफवून परतलेले चौकोन असतात, कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात असतो. शेवटी अंड्याच्या गोड सारणाचा खुसखुशीत टार्ट.

कोंबडीच्या पायांवर मात्र दोन वाक्यं जास्त खर्च करतो, कारण आपले लोक तिथेच तोंड फिरवतात. पाय आधी कडकडीत तळतात, मग थंड पाण्यात टाकतात, त्याने कातडी सुटून फुगते. मग काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या आणि चक्रीफुलाच्या रश्शात मऊ होईपर्यंत शिजवतात. हाडं तोंडात सोडवायची आणि ताटलीत ठेवायची, त्यात काही गैर नाही. ज्याला बोंबलाचा काटा किंवा खेकड्याची नांगी चोखायची सवय आहे त्याला हे अवघड जाऊ नये.

आता बोत. ऑगस्ट २०२१ मध्ये, पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर, आपल्या शेजारच्या मुरबे गावातली एक बोट वाढवणच्या समोर खोल समुद्रात गेली आणि तिच्या जाळ्यात १५७ घोळ सापडले. लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. एका माशाला सरासरी ८५ हजारांच्या आसपास भाव. हे पैसे मांसाचे नव्हते. घोळीचं मांस चवदार खरं, पण किंमत होती पोटातल्या बोताची.

बोत म्हणजे माशाची हवेची पिशवी. पाठीच्या कण्याखाली असते, तिच्यातला वायू कमीजास्त करून मासा हव्या त्या खोलीवर तरंगतो. घोळीच्या कुळातले मासे तिचा दुसराही उपयोग करतात: पिशवीला लागून असलेले स्नायू भराभर आखडून ते ढोलासारखा आवाज काढतात. त्यासाठी पिशवीची भिंत जाड हवी, आणि जाड भिंत म्हणजे भरपूर कोलॅजेन हे प्रथिन. नराचा बोत जास्त जाड, म्हणून त्याला भावही जास्त. बोटीवरून उतरल्यावर तो काढून, रक्त आणि पापुद्रे साफ करून वाळवतात आणि तो सिंगापूर, हाँगकाँगकडे जातो. हा धंदा आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून चीनला जाणाऱ्या मालात कापूस आणि अफूबरोबर शार्कचे पर आणि माशांचे बोतही असायचे.

कँटनी स्वयंपाकात सुक्या समुद्री मालाची चार रत्नं मानतात: अबलोन ही समुद्री गोगलगाय, समुद्री काकडी, शार्कचे पर आणि बोत. अबलोन सोडलं तर बाकीची जवळजवळ बेचव आहेत. बोत रात्रभर भिजवतात, आल्या-पातीच्या पाण्यात उकळून त्याचा वास घालवतात आणि मग कोंबडीच्या आणि हाडांच्या दाट सूपमध्ये तासन्‌तास ठेवतात. तो रस पितो, फुगतो, जिभेवर गुळगुळीत आणि किंचित चिकट लागतो. बाळंतिणीला देतात, म्हाताऱ्यांना देतात, कातडीला तजेला येतो म्हणतात. कोलॅजेन खाल्ल्याने थेट कातडीला कोलॅजेन मिळत नाही, पोटात त्याचे तुकडेच होतात. पण प्रतिष्ठेच्या पदार्थांना पोषणशास्त्र फारसं विचारत नाही. लग्नात बोताचं सूप ठेवणं ही ऐपतीची खूण आहे, आणि भाव त्या खुणेचा आहे.

डिमसमच्या टोपलीत बोत येतो तो गरीब रूपात. गाय जाट नावाचा पदार्थ आहे: कोंबडीचा तुकडा, हॅमचा काप, मशरूम आणि बोताचा तुकडा, सगळं सोयाबीनच्या सायीच्या पट्टीने बांधलेलं. इथला बोत स्वस्त माशाचा. तळून तो स्पंजासारखा फुलवलेला असतो, गाठोड्यातला सगळा रस तोच धरून ठेवतो. घोळीचा बोत या टोपलीत परवडणार नाही, तो मेजवानीच्या वाडग्यात. तरी गाय जाट खाल्ला की बोत कशासाठी वापरतात हे एका घासात कळतं.

या ओढीने समुद्राचं काय केलं तेही सांगायला हवं. चीनच्या स्वतःच्या किनाऱ्यावर बहाबा नावाचा याच कुळातला मोठा मासा होता, बोतासाठी मारून मारून तो जवळजवळ संपला. मग मागणी जगभर फिरली. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात तोतोआबा माशासाठी लावलेल्या बेकायदा जाळ्यांत वाकिता हा लहानसा डॉल्फिनसारखा प्राणी अडकून मेला, आज तो बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. आपल्याकडे घोळ थव्याने फिरतो, आणि थवा एका जाळ्यात आला की पुढची वीण करणारे मासेच एकदम जातात. २०२१ ची ती बातमी झाली याचा अर्थच हा की असं क्वचित घडतं. गुजरातने २०२३ मध्ये घोळीला राज्यमासा केलं, महाराष्ट्राने त्याच वर्षी पापलेटला. मान चांगलाच. पण कारखान्यांचं सांडपाणी किनाऱ्यालगतच्या पाण्यात मिसळत राहिलं, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराचा भराव त्याच मासेमारीच्या पाण्यात पडायचा आहे, तर नुसत्या मानाने मासा टिकायचा नाही. विणीच्या दिवसांत आणि विणीच्या जागी जाळं न टाकणं हे आपल्या हातात आहे. सांडपाणी थांबवणं सरकारच्या.

कँटनी माणसं स्वतः मुंबईत आली ती जहाजांवरून. माझगावच्या नवाब टँक रोडवर सी यिप कून नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. सी यिप म्हणजे कँटनजवळचे चार तालुके, तिथल्या खलाशांनी आणि गोदीकामगारांनी ते उभारलं. वरच्या मजल्यावर ग्वान गोंग या योद्ध्याची मूर्ती आहे. चिनी नववर्षाला आजही तिथे दिवे लागतात. एका काळी माझगाव-कामाठीपुरा भागात हजारोंनी चिनी राहत. त्यांनी दातांचे दवाखाने, ब्यूटी पार्लर, चपलांची दुकानं आणि हॉटेलं काढली. अपोलो बंदराजवळचं नानकिंग आणि चर्चगेटचं कामलिंग ही त्यांतली गाजलेली नावं. १९६२ च्या युद्धानंतर या समाजाची वाताहत झाली. देशभरातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, ज्यांत इथेच जन्मलेले कितीतरी होते, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. सुटल्यावर बरेच जण कॅनडाकडे निघून गेले. मोठा अन्याय होता तो, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला जागा मिळालेली नाही.

जे राहिले त्यांनी गिऱ्हाइकाची जीभ ओळखली. मूळचे कोलकात्याचे नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंचुरियन केलं. बोईसरच्या गाडीवरचा मंचुरियन त्याचाच वंशज. कँटनची चहाची बैठक मात्र या लाटेत मागे पडली. तिच्या जवळ जाणारं भारतात काही आहे तर ते कोलकात्यातल्या टिरेटा बाजारात, जिथे रविवारी पहाटे चिनी घरांतल्या बायका वाफवलेले पाव, सिउ माय आणि माशांच्या गोळ्यांचं सूप घेऊन रस्त्याकडेला बसतात. कुलाब्याला रीगल सिनेमामागे लिंग्ज पॅव्हेलियन आहे, नानकिंग चालवणाऱ्या लिंग कुटुंबाचंच, १९९१ पासून. वांद्रे-कुर्ला संकुलात लंडनहून आलेलं यौआचा २०११ मध्ये उघडलं, तिथे डिमसम हाच मुख्य धंदा आहे, पण ते नव्या घाटाचं आणि महाग.

तेव्हा बोईसरहून डहाणू लोकल पकडून कधी मुंबईला गेलात आणि खिशाला परवडलं, तर चौघं मिळून जा आणि दुपारच्या जेवणाला जा. मुंबईत पहाटेची प्रथा नाही. आधी चहा मागवा, दूध मागू नका. डुकराचं मांस किंवा चरबी चालत नसेल तर प्रत्येक पदार्थाबाबत विचारा, कारण कोळंबीच्या सारणातही ती असते. सगळं एकदम मागवू नका, टोपली गार झाली की निम्मी चव गेली. पहिली टोपली हार गावची घ्या. आवरण टोपलीतल्या कागदाला चिकटून फाटलं किंवा कोळंबी पिठूळ लागली तर चहा संपवून उठा, तिथे पुढचं काही चांगलं मिळणार नाही. आवरण अखंड उचललं गेलं आणि कोळंबी दाताखाली वाजली, तर चिठ्ठीवर बिनधास्त खुणा करत सुटा.